झाकण एक सांगते, पुस्तिका दुसरे : जुन्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंग तेलाचे एक प्रकरण

हे प्रकरण १९९९ साली तयार झालेल्या एका छोट्या सेडान गाडीचे आहे. माझ्या मामांनी ती नवी घेतली, बरीच वर्षे स्वतः चालवली, आणि पुढे ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत कामांच्या नोंदींची एक वहीही आली. वहीत इंजिन ऑइल, ब्रेक, बॅटरी, टायर या सगळ्यांच्या तारखा होत्या; पॉवर स्टिअरिंगच्या तेलाबद्दल मात्र एक ओळही नव्हती. मीटरवर १,६२,००० किलोमीटर झाले होते, आणि इतक्या काळात ते तेल एकदाही पूर्ण बदलले गेले नसावे, असेच मानणे भाग होते.

तक्रार अशी होती. सकाळी गार इंजिन सुरू केले, की पहिली दोन-तीन मिनिटे बोनेटखालून घुरघुर ऐकू येई. स्टिअरिंग वळवताच ती घुरघुर कण्हण्यासारखी चढत जाई, ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर वर जाई, आणि इंजिन तापल्यावर ती जवळजवळ नाहीशी होई. शिवाय गाडी अरुंद जागेत लावताना स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जड लागत होते. जडपणा आणि आवाज यांचे कारण एकच असेल असे गृहीत धरण्याचा मोह होतो, पण तसे असतेच असे नाही. पुढच्या दोन्ही टायरांत हवा ठरल्यापेक्षा ५ पीएसआय कमी निघाली. ती भरल्यावर जडपणा निम्म्याहून अधिक गेला, आवाज तसाच राहिला. बेल्टही पाहिला. ढिला किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट घसरतो तेव्हा स्टिअरिंग झटक्यात वळवताच चिरका, कानात घुसणारा आवाज येतो. आमचा आवाज खोल होता, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारा-उतरणारा होता, म्हणजे तो पॉवर स्टिअरिंगचे तेल ढकलणाऱ्या पंपाचाच होता.

अशा जुन्या गाड्यांतला पंप बहुधा पात्यांचा असतो. खाचा पाडलेल्या एका फिरत्या चकतीत पातळ पाती मोकळी बसवलेली असतात. चकती फिरू लागली की ती बाहेर फेकली जाऊन अंडाकृती कडेला घासत फिरतात आणि तेल पुढे ढकलतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरले तर दाब ७० ते १०० बारपर्यंत चढतो आणि मग जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. या सगळ्या घर्षणाला वंगण म्हणून वेगळे काही नसते. जे तेल दाब वाहून नेते तेच पात्यांना वंगण देते, तेच उष्णता बाहेर काढते आणि तेच रबरी सीलांना मऊ ठेवते. त्यामुळे पंप कण्हू लागला, की तेल जीर्ण झाले आहे, तेल चुकीचे आहे, तेल कमी आहे किंवा तेलात हवा मिसळते आहे, या चार शक्यता आधी तपासायच्या असतात. पंपच झिजला आहे, हा निष्कर्ष शेवटचा.

टाकीतले तेल सिरिंजने थोडे काढून पांढऱ्या बशीत घेतले. रंग तपकिरी, पण उजेडात कडेला लालसर झाक. बोटांवर चोळल्यावर किंचित जळका वास. काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवल्यावर तळाशी करड्या रंगाचा अगदी बारीक थर बसला. बाटलीच्या तळाला बाहेरून चुंबक लावून सरकवले तेव्हा त्यातला थोडाच भाग चुंबकामागे सरकला. उरलेला थर म्हणजे रबराची भुकटी आणि ॲल्युमिनियम असावे, असा माझा अंदाज आहे. पोलादाचे चमकते कण दिसले असते, तर हे लिखाण तेलाऐवजी पंप बदलण्याबद्दल झाले असते.

कोणते तेल?

खरा गुंता इथे सुरू झाला. टाकीच्या झाकणावर उठावाच्या अक्षरांत डेक्स्रॉन जातीचे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, वापरावे असे लिहिले होते. ओळखीच्या मेकॅनिकनेही तेच सांगितले : "साहेब, लाल तेल टाका, सगळ्या गाड्यांना तेच चालतं." गाडीची मूळ पुस्तिका हरवली होती. ती निर्मात्याच्या संकेतस्थळावरून मिळवून वाचली, तर तिच्यात अगदी स्पष्ट मजकूर निघाला : या गाडीत निर्मात्याचे स्वतःचे पॉवर स्टिअरिंग तेल, म्हणजे पीएसएफ, वापरावे, अडचणीच्या वेळी दुसरे पीएसएफ तात्पुरते चालेल, पण शक्य तितक्या लवकर सारे तेल काढून योग्य ते भरावे, एटीएफ वापरू नये.

झाकण आणि पुस्तिका यांत असा विरोध आला, तर कोणाचे ऐकायचे? माझा कल पुस्तिकेकडे होता, पण झाकणावर कोरलेली अक्षरे सहज खोटी ठरवता येत नाहीत. म्हणून झाकण नीट पाहिले. ते टाकीवर बसत होते, पण शेवटचा अर्धा आटा हवेत राहत होता, आणि त्याच्या आतली तेल मोजण्याची पट्टी टाकीच्या तळापर्यंत पोहोचतच नव्हती. मामांना फोन केला. "अरे, एकदा झाकण कुठेतरी पडलं होतं, गॅरेजवाल्यानं दुसरं बसवून दिलं," असे ते सहज म्हणाले. दुसऱ्या गाडीचे झाकण या टाकीवर आले, पुढच्या प्रत्येकाने ते वाचून वरून एटीएफ ओतले, आणि टाकीतल्या तेलाला ती लालसर झाक आली, असा उलगडा झाला. चासी नंबरवरून सुट्या भागांच्या यादीत पाहिले, तेव्हा मूळ झाकणाचा क्रमांक आणि त्यावरचा मजकूरही पुस्तिकेशी जुळला.

लाल तेल सगळ्यांना चालते हा समज मेकॅनिक मंडळींत इतका घट्ट का बसला आहे, हे समजण्यासारखे आहे. जनरल मोटर्सचे डेक्स्रॉन १९६७ पासूनचे. पुढे १९९३ मध्ये डेक्स्रॉन-३ आणि २००५ मध्ये डेक्स्रॉन-६ आले. अनेक निर्मात्यांनी, विशेषतः नव्वदच्या दशकात, आपल्या स्टिअरिंगसाठी खरोखरच डेक्स्रॉन-२ किंवा ३ सांगितले होते, त्यामुळे अशा गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला लाल तेल हाच नियम वाटतो. त्यात एक बारकावा असा, की डेक्स्रॉन-३ चे अधिकृत परवाने २००६ च्या अखेरीस संपले. आज बाटलीवर 'डी-३ प्रकारचे' असे लिहिलेले असते तेव्हा ते त्या बाटलीच्या उत्पादकाचे स्वतःचे म्हणणे असते, जनरल मोटर्सचे प्रमाणपत्र नव्हे. चांगल्या उत्पादकाचे असेल तर ते चालते, पण ज्याच्या बाटलीवर फक्त रंग आणि 'सर्व गाड्यांसाठी' एवढेच लिहिले आहे, त्याला मी हात लावत नाही.

दुसरे कुळ सीएचएफचे, म्हणजे सेंट्रल हायड्रॉलिक फ्लुइडचे. पेंटोसिन सीएचएफ ११एस हे त्यातले सर्वांत परिचित नाव. ते कृत्रिम, हिरवे आणि पातळ असते, आणि अनेक युरोपीय गाड्यांत तेच सांगितलेले असते. इंजिन तापल्यावर, १०० अंश सेल्सिअसला, डेक्स्रॉन-३ आणि सीएचएफ ११एस यांच्या दाटपणात फारसा फरक नसतो. पहिला सुमारे ७ आणि दुसरा सुमारे ६ सेंटिस्टोक्स. ४० अंशांना मात्र सीएचएफ जवळजवळ निम्म्याने पातळ असते, आणि तापमान शून्याखाली गेले, की हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. सीएचएफसाठी आखलेल्या यंत्रणेत एटीएफ भरले, तर थंडीत पंपाला ते ओढताना धाप लागते. उलट, एटीएफसाठी आखलेल्या जुन्या यंत्रणेत सीएचएफ भरले, तर ते झिजलेल्या सीलांतून वाट काढण्याची शक्यता वाढते. गार असताना आवाज आणि तापल्यावर शांतता, हे लक्षण चुकीच्या दाटपणाच्या तेलाचे असू शकते, हे मला या आकड्यांवरून पटले. ते तेवढ्याचेच असते असे मात्र नाही, हे पुढे कळायचे होते.

रंगावर विसंबू नये याचे सर्वांत चांगले उदाहरण हिरव्या रंगाचेच आहे. जुन्या सित्रोएन गाड्यांतले एलएचएम तेलही हिरवे आणि सीएचएफ ११एसही हिरवे. पहिले खनिज, दुसरे कृत्रिम, आणि दोघांच्या जागा वेगळ्या. रंग हा उत्पादकाने मिसळलेला असतो, तो तेलाचा गुण नव्हे.

ब्रेक ऑइलचा उल्लेख केवळ सावधगिरीसाठी करतो, कारण दोन्ही टाक्या बोनेटखाली एकमेकींच्या शेजारी असू शकतात आणि घाईत चूक होते. साधे ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते आणि त्याच्या यंत्रणेत ईपीडीएम रबराची सीले असतात. स्टिअरिंगमध्ये बहुधा नायट्राइल रबराची असतात. एकाचे तेल दुसरीकडे गेले, की सीले फुगतात, लिबलिबीत होतात आणि मग सगळीच बदलावी लागतात. चुकून ओतले गेले, तर इंजिन सुरूच करू नये. सुरू केल्यावर ते तेल सगळीकडे पोहोचते.

मी निर्मात्याचे पीएसएफ घेतले, अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. या गाडीच्या संपूर्ण यंत्रणेत साधारण ९०० मिलिलीटर तेल मावते. काढताना वाया जाणारे धरून दुप्पट लागेल, असा हिशेब केला. गळती थांबवण्याचा दावा करणारे मिश्रण घ्यावे असे दुकानदाराने सुचवले, ते मी नाकारले. अशी मिश्रणे रबर फुगवून काही महिने गळती झाकतात. फुगलेले रबर पुढे जास्तच कमकुवत होते, आणि खरी गळती कुठे होती हे शोधायचा धागाही हातातून निसटतो.

पहिला प्रयत्न आणि माझी चूक

सुरुवातीला मी सोपी पद्धत निवडली. टाकीतले तेल सिरिंजने काढायचे, नवे भरायचे, चार-पाच दिवस गाडी चालवायची आणि पुन्हा तेच करायचे. टाकीत ३०० मिलिलीटर मावते, म्हणजे एका वेळी एकूण तेलाचा तिसरा भाग बदलतो. पण दुसऱ्या वेळी आपण काढतो त्या तिसऱ्या भागात पहिल्या वेळी भरलेले नवे तेलही असते. त्यामुळे जुन्याचे प्रमाण पहिल्या बदलानंतर ६७ टक्के, दुसऱ्यानंतर ४४, तिसऱ्यानंतर ३० आणि सहाव्यानंतर सुमारे ९ टक्के राहते. सहा वेळा करायचे, तर १.८ लिटर तेल लागते, म्हणजे संपूर्ण धुऊन काढायला लागते तितकेच, आणि तरीही जुने थोडे उरतेच. ही पद्धत वाईट नाही; ज्याच्याकडे जॅक-स्टँड नाहीत किंवा ज्याला होज पाइप उघडण्याची धास्ती वाटते, त्याने तीच करावी. तेल योग्य जातीचे आहे आणि फक्त जुने झाले आहे, अशा गाडीला ती पुरते. आमच्या गाडीत चुकीचे तेल होते, त्याला ती पुरणार नव्हती.

तीन बदलांनंतर आवाज निम्म्याने कमी झाला आणि मी खूश झालो. आठव्या दिवशी तो परत आला. झाकण काढून पाहिले, तर टाकीतल्या तेलावर साबणाच्या पाण्यावर येतो तसा बारीक फेस होता, आणि खालचे तेलही स्वच्छ असूनही धुरकट दिसत होते. इंजिन बंद करताच तेलाची पातळी डोळ्यांदेखत वर सरकली, पट्टीवर जवळजवळ एक सेंटिमीटर. तेलात अडकलेली हवा दाबाखाली आकसलेली असते. दाब गेला, की ती पसरते आणि तेलाला वर उचलते. काही कार्यशाळा-पुस्तिका ही वाढ ५ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. आमची दुप्पट होती.

ही तपासणी मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. तिला एक मिनिट लागते आणि एक पानाही लागत नाही. तेल मळके दिसले, झाकणाचे गूढ सापडले, आणि त्या शोधाच्या आनंदात हवेचा प्रश्न विचारायचाच राहिला.

हवा येते कुठून? खाली जमिनीवर तेलाचा थेंबही नव्हता, आणि त्यामुळेच बहुतेकांची फसगत होते. पंपाच्या दाबाच्या बाजूला भोक पडले, तर तेल बाहेर उडते. पण टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या बाजूला पंप तेल ओढत असतो, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथले सील कडक झाले, तर तेल बाहेर न येता हवा आत जाते. गार असताना रबर आक्रसलेले आणि तेल दाट असते, म्हणून हवा जास्त शिरते. इंजिन तापले, की रबर थोडे पसरते, तेल पातळ होते आणि आवाज बसतो. आमचे सारे लक्षण यात जसेच्या तसे होते.

खात्रीसाठी एक साधा प्रयोग केला. गार इंजिन सुरू करून पंपाच्या तोंडाशी, जिथे जाड होज पाइपाची धातूची मान पंपात बसते, तिथे बोटाने ग्रीसचा जाड लेप दिला. बेल्टपासून हात आणि बाह्या दूर ठेवूनच हे करावे. मिनिटभरात घुरघुर मंदावली. ग्रीस पुसून काढले आणि इंजिन पुन्हा चालू ठेवले, तसा आवाज हळूहळू परत आला.

ती मान १० नंबरच्या पान्याने उघडणाऱ्या दोन बोल्टांनी बसवलेली होती. काढली, तेव्हा खाचेतून निघालेली ओ-रिंग, म्हणजे सीलाचे काम करणारी रबरी कडी, गोल राहिलीच नव्हती; तिचा छेद चौकोनी झाला होता, आणि नखाने दाबली तर ती रबरासारखी न दबता जुन्या प्लॅस्टिकसारखी कट्ट आवाज करून तुटली. आतला व्यास १३ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम करंगळीच्या टोकाएवढी. या कामात तेवढा एकच भाग बदलायचा होता. नवी ओ-रिंग पीएसएफमध्ये बुडवून बसवली. कोरडी बसवली तर ती मुरडते किंवा कापली जाते, आणि मग नव्या भागासह जुनीच तक्रार शिल्लक राहते.

पूर्ण बदल

आता तेल पुरते काढायचे होते. मागची चाके अडवली, पुढची बाजू जॅकवर उचलून दोन स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर हे काम करू नये, कारण स्टिअरिंग फिरवताना गाडी हलते. टाकीकडे परत येणारा बारीक होज पाइप क्लिप सरकवून काढला, टाकीचे ते तोंड रबरी बुचाने बंद केले आणि पाइपाचे टोक एका पारदर्शक बाटलीत सोडले. पंपाकडे जाणारा पाइप ओळखायला सोपा असतो, तो जास्त जाड असतो. तो काढायचा नाही. किल्ली स्टिअरिंगचे कुलूप उघडेल इतकीच फिरवली, इंजिन बंदच ठेवले.

धाकटा भाऊ आत बसून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत होता आणि मी टाकीत नवे तेल ओतत होतो. प्रत्येक फेरीला बाटलीत तपकिरी तेलाची एक उचकी यायची. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, एवढाच यातला नियम. ती कोरडी पडली, की पुन्हा हवा आत जाते. "दादा, अजून किती?" असे त्याने तीनदा विचारले. इंजिन दोन-तीन सेकंद चालवून पंपाकडून तेल बाहेर फेकवण्याची पद्धतही रूढ आहे आणि ती वेगवान आहे, पण त्या दोन-तीन सेकंदांत टाकी रिती होते आणि पात्यांचा पंप कोरडा फिरतो. हाताने केले, तर अर्धा तास जातो. माझ्या मते जुन्या पंपासाठी तो द्यावा. सुमारे १.४ लिटर ओतल्यावर बाटलीत येणारे तेल नव्या तेलाच्या रंगाचे झाले.

मध्येच टाकीही काढून पाहिली. तिच्या तळाशी बारीक जाळी असते आणि ती बहुधा वेगळी मिळत नाही. कार्ब क्लीनरने धुऊन, वाळवून, उजेडाकडे धरली, तेव्हा तिचा सुमारे चौथा भाग करड्या गाळाने बुजलेला होता तो मोकळा झाला.

पाइप परत जोडल्यावर हवा काढायची होती. टाकी खालच्या खुणेच्या वर भरून, इंजिन बंद ठेवूनच, स्टिअरिंग वीस वेळा दोन्ही टोकांना फिरवले. सुरुवातीला प्रत्येक वळणाला मोठे बुडबुडे आले, मग छोटे, आणि पंधराव्या फेरीनंतर थांबले. तासभर गाडी तशीच ठेवली, म्हणजे बारीक हवा आपोआप वर येते. त्यानंतर इंजिन सुरू करून, चाके अजून अधांतरीच असताना, पाच-सहा वेळा फिरवले. टोकाला पोहोचल्यावर लगेच परत आणले, कारण तिथे धरून ठेवले तर सारा दाब रिलीफ व्हॉल्व्हवर येतो आणि तेल पाहता पाहता तापते. चाके जमिनीवर टेकवून, तेल तापल्यावर पातळी शेवटची जुळवली. इंजिन बंद केल्यावर पातळी दोन मिलिमीटरही हलली नाही.

जुने तेल डब्यात भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्याकडे दिले. ते गटारात किंवा मातीत ओतू नये, हे वेगळे सांगायला नको.

या कामाला सहा आठवडे आणि ११०० किलोमीटर झाले आहेत. सकाळचा आवाज गेला. स्टिअरिंग हलके झाले, पण त्यातले निम्मे श्रेय टायरांतल्या हवेचे, हे मी विसरलेलो नाही. स्टिअरिंग रॅकच्या, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांचे रबरी बूट दर पंधरवड्याला दाबून पाहतो. ते आतून कोरडे लागतात, म्हणजे रॅकच्या सीलांनी तेलाचा बदल सहन केला आहे. दाबाच्या होज पाइपावर, धातू आणि रबर जिथे एकत्र दाबलेले असतात तिथे, मात्र किंचित ओल दिसते. ती या कामाच्या आधीही होती, आणि तो पाइप पुढच्या दोन-तीन महिन्यांत बदलायचा आहे. पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत दिलेली नाही. मी तीन वर्षे धरली आहेत, आणि मधल्या काळात वर्षातून एकदा बशीत थेंबभर काढून रंग पाहायचा.

मूळ क्रमांकाचे नवे झाकण आता टाकीवर आहे आणि त्याचा शेवटचा आटाही पूर्ण बसतो. जुन्या झाकणावरची अक्षरे कानशीने घासून टाकूनच ते भंगारात दिले. मामांच्या वहीत एक नवे पान सुरू केले असून त्यावर तारीख, मीटरचा आकडा, तेलाचे पूर्ण नाव आणि त्या ओ-रिंगचा व्यास लिहिला आहे.